लोकआंदोलनं आणि अहिंसक प्रतिकार: आमच्या रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या राजेंद्र नगरात एका घराच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं जमतो. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, पुण्या-नागपुराहून लग्न होऊन इथे आलेल्या दोघी-तिघी असतात. जगभरात साध्या माणसांनी सत्तेला शस्त्राविना कसं अडवलं, याचा आम्ही अभ्यास करतो. नवीन येणारे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. उत्तरं माझी आहेत, आणि जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

काकू, मोर्चा काढणं, धरणं धरणं, ज्ञापन देणं, हे सगळं प्रतिकारच का?

इंदुरात आपण मराठी माणसंसुद्धा 'ज्ञापन' म्हणतो, महाराष्ट्रात त्याला निवेदन म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्यात आपण मागतो आणि समोरचा द्यायचं की नाही ते ठरवतो. प्रतिकार खऱ्या अर्थानं सुरू होतो तो आपण रोज नकळत देत असलेलं सहकार्य काढून घेतो तेव्हा. कर भरणं, कामावर जाणं, रांगेत उभं राहणं, सही करणं, बसचं तिकीट काढणं, या सगळ्यावर सत्ता उभी असते. जीन शार्प या अमेरिकन अभ्यासकानं 1973 मध्ये अशा प्रतिकाराच्या 198 पद्धती नोंदवल्या. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात: निषेध व्यक्त करणं, असहकार, आणि थेट मध्ये जाऊन अडवणं. मोर्चा पहिल्या गटात येतो. माझ्या मते आपल्याकडे बहुतेक आंदोलनं तिथेच थांबतात.

असहकार कसा असतो, त्यासाठी नॉर्वेच्या शिक्षकांचं उदाहरण मी नेहमी देते. 1942 साली देश नाझींच्या ताब्यात होता. नाझींच्या तालावर चालणाऱ्या क्विस्लिंगच्या सरकारनं शिक्षकांची सक्तीची संघटना काढली, शाळांतून नाझी विचार शिकवायचा म्हणून. शिक्षकांनी सभा घेतली नाही की घोषणा दिल्या नाहीत. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराचं पत्र ज्याच्या त्याच्या नावानं सही करून पाठवलं: मी या संघटनेचा सभासद होऊ शकत नाही. सुमारे 1,100 जणांना अटक झाली, त्यातल्या सहाशेहून जास्त जणांना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीसाठी धाडलं. ती संघटना काही उभी राहिली नाही, आणि वर्ष संपायच्या आत शिक्षक घरी परतले.

इंदूर तर व्यापाऱ्यांचं आणि खवय्यांचं गाव. इथे कधी असं काही झालंय का?

तुमच्या घरच्या नळाला नर्मदा येते ना? ती आंदोलनानं आली आहे.

साठीच्या दशकात शहर वाढलं आणि यशवंत सागर, बिलावली, सिरपूर हे तलाव पुरेनासे झाले. नर्मदा साधारण 70 किलोमीटरवर, खाली निमाडात. मधे विंध्याचा घाट. पाणी वर चढवून आणणं हे खर्चाचं काम, सरकार हो म्हणेना. 1970 मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले. विद्यार्थी होते, गिरण्यांतले कामगार होते, दुकानदार होते, वेगवेगळ्या पक्षांची माणसं एका मागणीखाली आली. 'अभ्यास मंडळा'चा त्यात मोठा वाटा होता. व्याख्यानमाला चालवणारी संस्था रस्त्यावरच्या आंदोलनाचाही कणा होऊ शकते, हे या गावानं तेव्हा पाहिलं. श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री होते. अखेर योजना मान्य झाली आणि 1978 मध्ये जलूदहून उपसलेलं पाणी वांचू पॉइंटचा चढ चढून शहरात आलं.

आंदोलनाच्या वेळी मी तिसरीत होते. मोर्चा मी पाहिलेला नाही. मला आठवतो तो आमच्या स्वयंपाकघरातला ढीग. आई आणि शेजारच्या मावशी दुपारपासून पोळ्या लाटत होत्या. दहा-दहा पोळ्यांची चवड, मधे लसणाची चटणी, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधायची. कणीक भिजवायलासुद्धा पाणी मोजून घ्यावं लागत होतं. पाण्यासाठी लढणाऱ्या पोरांच्या पोळ्यांना आईनं पाणी काटकसरीनं वापरलं, हे मी विसरू शकत नाही. त्या बायकांची नावं कुठल्याही बातमीत नाहीत. पण पोळ्या गेल्या नसत्या तर ती पोरं संध्याकाळी घरी परतली असती.

मग त्याच नर्मदेसाठी निमाडातल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, त्याचं काय? आपण पाणी पिणार आणि त्यांच्या बाजूनं बोलणार, हे विसंगत नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो. आपलं पाणी नदीतून उपसलेलं आहे. बडवानी, धार, खरगोन, खांडवा या पट्ट्यातली शेकडो गावं बुडाली ती मोठ्या धरणांमुळे. दोन्ही एक नाही. पण आपल्या शहराची तहान आणि वीज त्याच खोऱ्यावर आहे, तेव्हा हात झटकताही येत नाहीत.

नर्मदा बचाव आंदोलन हे जगात शिकवलं जाणारं उदाहरण आहे आणि ते आपल्या अंगणातलं आहे. 28 सप्टेंबर 1989 ला हरसूदला देशभरातून माणसं जमली. डिसेंबर 1990 मध्ये बडवानीजवळच्या राजघाटावरून लोक सरदार सरोवर धरणाकडे पायी निघाले आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवले गेले. तिथे मेधा पाटकर आणि त्यांच्या साथीदारांचं उपोषण 22 दिवस चाललं. या धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, 1992 मध्ये तिनं पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्ही बाबतींत प्रकल्पाचे वाभाडे काढले. मार्च 1993 मध्ये उरलेलं कर्ज भारतानं सोडून दिलं. धरण मात्र झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 18 ऑक्टोबर 2000 ला लागला, बांधकाम पुढे गेलं, उंची 138.68 मीटरपर्यंत नेली आणि 2017 मध्ये लोकार्पण झालं. म्हणजे हरले? धरण थांबवण्यात हरले. पण त्यानंतर जागतिक बँकेला लोकांच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली, आणि 'विस्थापित' हा शब्द सरकारी कागदातून उठून लोकांच्या तोंडी आला.

2012 मध्ये ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात घोघलगावचे लोक 17 दिवस उभे राहिले. गळ्यापर्यंत पाणी, हाताला हात. त्यांच्या पायांचे फोटो तेव्हा सगळीकडे छापून आले होते: कातडी पांढरी फटक, सुरकुतलेली, सालपटं निघालेली. सरकारला पाणी 189 मीटरवर आणावं लागलं आणि जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचं मान्य करावं लागलं. ओंकारेश्वर इंदुराहून दोन-अडीच तासांवर आहे. आपण दर्शनाला जातो त्याच पाण्याची ही गोष्ट आहे.

हे सगळं गांधीजींपासून सुरू झालं का? मराठी माणसाचं त्यात काय?

गांधीजींनी त्याला शास्त्राचं रूप दिलं, हे निर्विवाद. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून निघून 24 दिवस चालत 6 एप्रिलला दांडीला मीठ उचलणं, यात प्रत्येक पाऊल विचार करून टाकलेलं होतं. मीठ निवडलं, कारण ते गरिबाच्याही ताटात असतं.

पण त्याच्या नऊ वर्षं आधी, 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातले मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले होते. पांडुरंग महादेव बापट तिथेच 'सेनापती' झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीचं नाव घ्यावं लागतं. तो लढा हरला, गावं बुडाली. मुंबईला वीज मिळाली.

आणि 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं पिणं, हे माझ्या लेखी या संपूर्ण विषयातलं सर्वांत नेमकं कृत्य आहे. मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आधीच केला होता, महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला होता. कागदावर हक्क होता. तो हातानं वापरून दाखवणं एवढंच बाकी होतं, आणि त्यासाठी माणसांनी मार खाल्ला. न्यायालयाचा अंतिम निकाल बाजूनं लागायला 1937 उजाडलं. बाबासाहेबांचा जन्म महूचा, इथून तासाभराच्या आत. महूला जन्मस्थानी जाऊन आलेली मुलं वर्गात येतात, त्यांना मी महाडबद्दल विचारते आणि पुष्कळदा ती गप्प होतात. हे मला खटकतं.

रोझा पार्क्स यांनी एकट्यानं अमेरिका बदलली, हे खरं का?

धाडस एकटीचं होतं, काम शेकडोंचं. 1 डिसेंबर 1955 ला माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला या काळ्या बाईंनी नकार दिला. त्या आधीच वर्षानुवर्षं नागरी हक्कांच्या संघटनेचं काम करत होत्या, दमून बसलेल्या म्हाताऱ्या बाई नव्हत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या 15 वर्षांच्या मुलीनं हेच केलं होतं. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि सकाळी विद्यार्थ्यांच्या हाती गावभर वाटली. बसवरचा बहिष्कार 381 दिवस चालला. टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात माणसं नेली. पोलिसांनी ते बंद पाडल्यावर लोकांनी स्वतःच्या गाड्यांचं वेळापत्रक बसवलं. बाकीचे चालत गेले.

आणि जॉर्जिया गिलमोर. ही बाई स्वयंपाक करायची. तिनं बायकांचा एक गट केला, घरोघरी केक, पाय, चिकनचे सँडविच करून विकायचे आणि पैसे आंदोलनाच्या पेट्रोलसाठी द्यायचे. गटाचं नावच 'कुठूनच नाही' अशा अर्थाचं ठेवलं होतं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरंखुरं सांगता यावं: कुठूनच नाही. कारण त्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या आणि नाव कळलं असतं तर काम गेलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईच्या सुतळीनं बांधलेल्या पुड्या आठवल्या.

अमेरिकेतल्या त्या चळवळीचा नागपूरशी संबंध होता म्हणतात. ते काय?

जेम्स लॉसन नावाचे तरुण मेथडिस्ट कार्यकर्ते 1953 ते 1956 मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या पद्धतींचा त्यांनी तिथे अभ्यास केला, आणि माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्या वर्तमानपत्रात. परतल्यावर नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर काळ्यांना वाढत नसत. तिथे शांतपणे जाऊन बसायचं होतं. त्याची तालीम अशी: काहींनी खुर्च्यांवर बसायचं, बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, केस ओढायचे. बसणाऱ्यांनी हात उगारायचा नाही. 1960 च्या फेब्रुवारीत ही मुलं खरोखर जाऊन बसली आणि मे महिन्यात नॅशव्हिलच्या दुकानांतले ते काउंटर खुले झाले.

आम्ही ही तालीम गच्चीवर एकदा करून पाहिली. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, चार जण बसलेले, बाकी आम्ही भोवती. सुरुवातीला सगळे हसत होते. मग एका मुलानं बसलेल्या मुलीच्या हातातली वही हिसकावून फेकली, आणि हसू थांबलं. ती बसून राहिली. तिचा उजवा हात ओढणीचं टोक इतकं घट्ट पिळत होता की बोटांची पेरं पांढरी पडली. दुसरा एक मुलगा, स्वभावानं अगदी मवाळ, खांद्याला नुसता धक्का लागताच उभा राहिला आणि त्यानं समोरच्याची कॉलर धरली. त्याचं त्यालाच कळलं नाही. नंतर आम्ही बराच वेळ त्याच्याशी बोलत बसलो. अहिंसा स्वभावात असते असं मला तोवर वाटायचं. त्या दिवशी कळलं की ती अंगवळणी पाडावी लागते.

समोरून लाठी आली तर दगड का उचलू नये?

अन्याय सोसणाऱ्याचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. पण हिशेब मांडून पाहा. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी 1900 ते 2006 मधल्या 323 मोठ्या लढ्यांचा अभ्यास केला. अहिंसक लढ्यांपैकी सुमारे 53 टक्के यशस्वी ठरले, सशस्त्र लढ्यांपैकी सुमारे 26 टक्के. चेनोवेथ मुळात या पद्धतीबद्दल साशंक होत्या, म्हणून मला या आकड्यांचं महत्त्व वाटतं. कारण सोपं आहे: बंदूक घेऊन तरुण जातात, धरण्याला आजी येते, लेकुरवाळी येते, पायानं अधू माणूस येतो. माणसं वाढली की पोलिसाच्या ओळखीचं कुणी ना कुणी समोर दिसतं.

लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक सक्रिय झाले की सत्ता टिकत नाही, असा एक आकडा मुलं मोबाइलवर वाचून येतात. तो याच अभ्यासातला. तो मागे वळून पाहिल्यावर दिसलेला कल आहे, हमी नाही. बहारीनमध्ये 2011 साली त्याहून जास्त लोक उतरले आणि चिरडले गेले. गेल्या काही वर्षांत अहिंसक लढ्यांचं यशही घसरलं आहे, कारण सरकारंही शिकली आहेत.

चौरीचौरा इथे आठवावाच लागतो. 4 फेब्रुवारी 1922 ला जमावानं पोलीस चौकी जाळली, 22 पोलीस मेले, आणि गांधीजींनी असहकाराचं देशभरचं आंदोलन थांबवलं. तो निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या गच्चीवर दर वेळी वाद होतो. मला तो बरोबर वाटतो. आमच्यातले निम्मे तरी सहमत नाहीत.

जिथे चार माणसं जमली तरी उचलून नेतात, तिथे काय करायचं?

तिथे जमायचं नाही. चिलीत 1983 मध्ये पिनोशेची लष्करी राजवट होती. तांब्याच्या खाणकामगारांनी संपाची हाक दिली, पण लष्करानं खाणींना वेढा घातल्यावर बेत बदलला. 11 मे रोजी सगळ्यांनी सावकाश काम करावं, मुलांना शाळेत पाठवू नये, आणि रात्री आठ वाजता आपापल्या घरात भांडी वाजवावीत. सांतियागो शहर डाव-पातेल्यांच्या आवाजानं भरून गेलं. किती जण आपल्यासारखेच आहेत हे दहा वर्षांत पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडलं. 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात पिनोशे हरला.

पोलंडमध्ये लष्करी कायदा असताना श्विद्निक गावच्या लोकांनी 1982 मध्ये टीव्हीवरच्या सरकारी बातम्या आपण पाहत नाही हे दाखवायला नेमकं त्याच वेळी फिरायला जायला सुरुवात केली. काहींनी दूरदर्शन संच रस्त्याकडे तोंड करून खिडकीत ठेवले. फिरायला जाणं कुठल्या कायद्यात गुन्हा?

अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्समध्ये 30 एप्रिल 1977 ला 14 आया राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात आल्या. त्यांची मुलं लष्करानं गायब केली होती. घोळक्यानं उभं राहायला बंदी, पोलीस म्हणाले चालत्या व्हा. म्हणून त्या चालू लागल्या, दोघी-दोघी हातात हात घालून, चौकाला फेऱ्या. पुढे दर गुरुवारी. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरं फडकं, सुरुवातीला चक्क बाळाची लंगोटाची घडी. त्यांच्यातल्या अझुसेना विलाफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उचलून मारलं गेलं. बाकीच्या पुढच्या गुरुवारी आल्या.

घरकामाचा संप करता येतो का? (हा प्रश्न दर वेळी कुणी तरी हळूच विचारतं.)

आइसलँडमध्ये झाला. 24 ऑक्टोबर 1975 ला तिथल्या 90 टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुलं, सगळं एक दिवस सोडलं. शाळा आणि पाळणाघरं बंद पडली, बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले, पटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला आणि 1980 मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या.

आणि सगळं करून काहीच हाती लागलं नाही तर?

असंही होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मी वर्ग संपवत नाही. 1989 मध्ये बीजिंगच्या तियानआनमेन चौकात काय झालं ते जगाला माहीत आहे. म्यानमारमध्ये 2021 साली लष्करानं सत्ता घेतल्यावर डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार कामावर गेले नाहीत, घराघरांतून भांडी वाजली, आणि उत्तरात गोळ्या आल्या.

काही वेळा मिळतं, पण इतकं उशिरा की मिळालं असं म्हणवत नाही. आपली हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांची देणी थकली. ते मिलच्या आवारात जमत राहिले, कोर्टात जात राहिले, याद्या सांभाळत राहिले: कोण हयात, कोण गेलं, वारस कोण. सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटी रुपये 25 डिसेंबर 2023 ला सुपूर्द झाले. 32 वर्षं. कित्येक जण तोवर वारले होते. तरी मी त्या याद्या ठेवणाऱ्यांना या पानावरच्या कुठल्याही नेत्यापेक्षा कमी मानत नाही. यादी नसती तर विधवेला पैसे मिळाले नसते.

धरणं धरायचं तर कायदा काय म्हणतो?

शांतपणे, शस्त्राविना जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. जमावबंदीचं जुनं 144 कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालं आहे. इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा परवानगी आणि असे आदेश तिथे पाहावेत. अटक झाली तर कारण सांगितलंच पाहिजे, वकील मिळालाच पाहिजे, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलंच पाहिजे. अपवाद वगळता बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल आधी जातो. पेनानं हातावर लिहा.

तुमचा वर्ग कोणत्या पक्षाचा?

कोणत्याच नाही. चहा-पोह्यांचा खर्च आम्ही वर्गणीतून करतो.

मला यायचंय. काय तयारी करून येऊ?

घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला एकच विचारून या: 1970 मध्ये, किंवा गिरणीच्या संपात, किंवा आणीबाणीत, तुम्ही काय केलं होतं? बहुतेक जण म्हणतील, आम्ही काही नाही केलं. मग विचारा, त्या दिवशी घरात स्वयंपाक किती जणांचा झाला होता. उत्तर वहीत लिहून आणा, नाव विचारूनच लिहा. आमच्याकडे आता अशा एकवीस नोंदी झाल्या आहेत. पहिली आईची आहे.